घरच्या घरी एसी बसवताना

प्रश्न : दीड टनाचा स्प्लिट एसी घेतला आहे. घर तळमजल्यावर आहे, म्हणून स्वतःच बसवावा म्हणतो. ड्रिल, पाने, फ्लेअरिंग टूल आहे. व्हॅक्यूम पंप (पाइपातली हवा-ओलावा ओढून काढणारा) तेवढा नाही. ओळखीचा मेकॅनिक म्हणतो, ‘आउटडोअरमधला थोडा गॅस सोडून पाइपातली हवा काढली की झालं.’ चालेल का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : नाही चालणार. आर-22 या जुन्या एसी-गॅसच्या जमान्यात हे खपून जायचं, कारण कंप्रेसरमधलं तेव्हाचं मिनरल तेल ओलावा फारसा ओढत नसे. आर-32 या नव्या गॅसच्या मशिनांत बहुधा पीओई हे कृत्रिम तेल असतं. ओलावा मिळाला की त्यात आम्ल तयार होतं आणि ते कंप्रेसरच्या वाइंडिंगवर (मोटरच्या तारांच्या वेटोळ्यावर) उठतं. गॅसच्या झोताने हवा निघते, पण पाइपला आतून धरलेला ओलावा तसाच राहतो. कोकणातल्या हवेत तर तो भरपूर. कारखान्यात मोजून भरलेला गॅस वाया जातो तो वेगळाच. गंमत म्हणजे पहिल्या दिवशी एसी मस्त गार करतो, त्यामुळे कुणाला काही कळत नाही.

पंप आणि गेज (दाब दाखवणारं मीटर) भाड्याने आणा. गेजची होज (नळी) जाड पाइपच्या सर्व्हिस पोर्टला, म्हणजे आउटडोअरवरच्या तोंडाला लावा, आउटडोअरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंदच ठेवा. पंप अर्धा तास चालू द्या. मग आधी गेजची कॉक बंद, नंतर पंप. पंधरा मिनिटं काटा जागचा हलता कामा नये. वर सरकला तर जोड गळतोय. मायक्रॉन गेज (व्हॅक्यूम बारकाईने मोजणारं मीटर) मिळालं तर 500 मायक्रॉनच्या खाली उतरेपर्यंत थांबा.

गळती बहुतेक वेळा फ्लेअरचीच, म्हणजे जोडासाठी पसरट केलेल्या पाइपच्या तोंडाची असते. पाइप कटरनेच कापा, करवतीने नको. तोंड खाली धरून आतली धार रीमरने (कडा घासायच्या हत्याराने) काढा, म्हणजे कीस आत पडत नाही. फ्लेअर पाडण्याआधी नट पाइपात ओवायला विसरू नका! नट आधी हाताने फिरवा, मग दोन पाने लावून आवळा. पाव इंचीला साधारण 15 ते 18, अर्धा इंचीला 50 ते 60 न्यूटन-मीटर टॉर्क पुरतो. ‘अजून थोडं’ म्हणत आवळलं की फ्लेअर चिरते.

काटा स्थिर राहिला की बारीक पाइपचा व्हॉल्व्ह ॲलन कीने थोडा उघडून लगेच बंद करा आणि जोडांना साबणाचं पाणी लावा. बुडबुडे नसतील तर होज काढून दोन्ही व्हॉल्व्ह पूर्ण उघडा. आर-32 पेट घेऊ शकतो, तेव्हा जवळ विडी-काडी नको.

विजेसाठी स्वतंत्र लाइन हवी : 4 चौरस मिमी तांब्याची वायर, 20 अँपिअरचा सी-कर्व्ह एमसीबी, अर्थिंग. हे काम वायरमनकडूनच करून घ्या. अधिकृत माणसानेच एसी बसवण्याची अट वॉरंटीत असेल, तर हा सगळा खटाटोप नकोच.

प्रश्न : नव्या एसीच्या इनडोअरमधून भिंतीवर पाणी ओघळतं. गॅस कमी आहे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आधी ड्रेन पाइप बघा. भिंतीतलं भोक बाहेरच्या बाजूला 5 ते 10 मिमी उतरतं हवं. पाइपला मध्येच चढ किंवा झोळ असेल, किंवा त्याचं टोक बादलीतल्या पाण्यात बुडालेलं असेल, तर पाणी तुंबतं. एसी बंद करून, फिल्टर काढून, कॉइलखालच्या ट्रेमध्ये पेलाभर पाणी हळूहळू ओता. ते बाहेर सरळ धारेने पडलं नाही, तर दोष ड्रेनचाच. ड्रेन साफ असून कॉइलवर बर्फ दिसला आणि फिल्टर धुऊनही तो जमत राहिला, तरच गॅस तपासायला सांगा.