गाद्यांचा टेम्पो उरुळीला?

प्रश्न : घर रिकामं करतोय. सासूबाईंचा प्लायवूडचा दिवाण, कापसाच्या दोन गाद्या, एक फोमची आणि तडा गेलेली पाण्याची टाकी आहे. भंगारवाला टाकीच तेवढी नेतो म्हणतो. बाकीचं टेम्पोत घालून उरुळीच्या कचरा डेपोत टाकून आलं तर चालेल का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : नाही चालणार, ताई. डेपो हे आपला टेम्पो नेऊन रिकामा करायचं ठिकाण नव्हे. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं सोसला. एप्रिल 2017 मध्ये डेपोला आग लागल्यावर त्यांनी गाड्या अडवल्या, तेव्हा शहरात कोपऱ्याकोपऱ्यावर ढीग साचले होते. शिवाय घनकचरा नियमांनी 2016 मध्येच सांगून ठेवलंय : जे पुन्हा वापरता येत नाही, कुजत नाही, जळत नाही, तेवढंच पुरायला न्यायचं. तुमच्या यादीतलं काहीच त्यात बसत नाही.

मी आरोग्य कोठीवर, म्हणजे महापालिकेच्या वॉर्डातल्या सफाई कचेरीत, नोकरी केली. मुकादमाला सगळ्यात नकोसा माल म्हणजे गादी. पावसात भिजली की दोघांनाही उचलत नाही. पण कापसाची गादी मुळात टाकायचीच कशाला? उन्हात चांगली तापवा आणि गादी कारखान्यात द्या. कापूस पुन्हा पिंजून, नवी खोळ घालून मिळतो. दोन जुन्या गाद्यांत एक जाड गादी आणि वर उशा निघतील. ढेकूण असतील तर मात्र कुणाला देऊ नका, फुकटही नाही. फोम कोरडा असेल तर सोफे शिवणाऱ्याला विचारा.

दिवाण सुताराकडून उकलून घ्या. फळ्यांची मांडणी होते, बिजागऱ्या भंगारात जातात. तुकडे बंबात घालू नका. प्लायवूड चिकटवायच्या रसायनांचा धूर वाईट.

एवढं करून उरेल ते वॉर्डाच्या कोठीत फोन करून, किंवा 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेतल्या ताईंशी बोलून, पैसे आधी ठरवून द्या. टेम्पोवाला "मी टाकतो कुठंतरी" म्हणाला तर त्याला परत पाठवा. ते 'कुठंतरी' बहुतेक वेळा नदीचा काठ असतो.

आणि टाकी नगावर देऊ नका. वजन करायला लावा, समोर.