गावाचं साल शोधू नका, बांध शोधा

तुमचा भाचा कॅनडात सास्काचेवानला आहे, तिथल्या गव्हाच्या छोट्या गावाबाहेर स्थापनेचं साल लिहिलेली पाटी आहे, आणि तसं आपल्या गोव्यातल्या तिसवाडी तालुक्यातल्या गावाचं साल कुठे मिळेल असं तुम्ही विचारलंय. खरं सांगू, मिळणार नाही.

तिथली गोष्ट वेगळी आहे हो. १८७२ च्या कायद्याने १० डॉलर फी भरून १६० एकर जमीन मिळायची, मग रेल्वे आली, आणि घोडागाडीत गहू घालून शेतकरी एका दिवसात जाऊन परत येईल एवढ्या अंतरावर स्टेशनं टाकली, त्या स्टेशनांभोवती गावं झाली. म्हणजे आधी कागद, मग गाव. आपल्याकडे उलटं, गाव जुनं नि कागद नंतरचा.

१५२६ मध्ये अफोन्सो मेशिया नावाच्या पोर्तुगीज महसूल अधिकाऱ्याने इथल्या गावकारीचे, म्हणजे गावची जमीन मिळून सांभाळायच्या पद्धतीचे, रिवाज लिहून काढले, त्याला फोराल म्हणतात. त्यात सुरुवातीलाच असं आहे की पूर्वी चार माणसं पडीक जमीन कसायला आली, ती एवढी पिकली की वस्ती वाढली, आणि त्या पहिल्यांना गावकार म्हणू लागले. चारच का ते विचारू नका :) पण मुद्दा बघा, गाव सुरू झालं ते जमीन कसण्यापासून, आणि खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या सखल खाऱ्या भागात, जमीन कसायची म्हणजे आधी खारं पाणी अडवायला बांध घालावा लागतो, तो एकट्या घराला जमत नाही. बांध सगळ्यांचा, म्हणून जमीन पण सगळ्यांची, आणि खर्च जाऊन उरलं त्यातनं गावकारांना झोण, म्हणजे त्यांचा वाटा.

मानस, म्हणजे बांधातली पाण्याची दारं, बघितलीय का कधी जवळून? भरती आली की पाण्याच्या दाबानेच दारं आपोआप लागतात, ओहोटीला आतलं पाणी ती ढकलून बाहेर जातं. मोटर नाही काही नाही. पहिल्या पावसाने मीठ धुवून गेलं की कोरगुट जातीचा भात पेरायचा, तो थोडा खारेपणा सोसतो. मानशीवरच्या मासळीचा हक्क लिलावात जायचा, ते पैसे पण गावाला. बांधाला खेकड्याने केलेलं बारीकसं बीळ वेळेत बुजवलं नाही तर अख्खं शेत गेलं समजा.

तर शोधायचं असेल तर पणजीच्या पुराभिलेखात जुनी कागदपत्रं आहेत, काही मराठीत काही पोर्तुगीजमध्ये, वाचणारा माणूस सोबत न्या. कुलदेव फोंड्यात असेल तर मूळ जागा कुठली तेही विचारा, मंगेश मूळचा कुठ्ठाळीचा, शांतादुर्गा केळशीची, सोळाव्या शतकात तिथून फोंड्यात हलवलेले. पण त्याआधी गावातल्या एखाद्या म्हाताऱ्याला घेऊन बांधावरून चाला, कुठल्या तुकड्याला काय नाव ते लिहून घ्या. आमच्या गावच्या मानशीचं एक दार मोडलं, दुरुस्ती कोणी करायची यावरच मीटिंगा चालल्या, आता तिथे खारफुटी उगवलीय आणि ती तोडायला परवानगी लागते. त्या तुकड्याचं नाव आता फक्त माझ्या काकांना माहितीय.