डॉक्टरांसमोर आई नुसतं ‘होय होय’ म्हणते

प्रश्न: आम्ही खानापूर तालुक्यातले. आईला शुगर आणि बीपी, वय 64. दर महिन्याला बेळगावला आणून दाखवतो, दोन तास नंबरला बसायचं आणि आत गेलं की पाच मिनिटांत बाहेर. डॉक्टर चांगले आहेत पण कन्नडमधनं बोलतात, आई नुसतं होय होय म्हणते आणि बाहेर आल्यावर सांगते, चक्कर येते ते सांगायचं राहिलंच की. काय करावं?

उत्तर: ताई, पुढच्या वेळी खुर्चीत बसल्याबसल्या आधी चक्करच सांगा, गुडघे, झोप, भूक सगळं नंतर. आणि कधी येते तेही सांगा, अंथरुणातनं उठताना येते का जेवायला उशीर झाला की, घाम सुटतो का, हात थरथरतात का. उठताना येत असेल तर डॉक्टर आधी बीपीची गोळी बघतील, उपाशीपोटी घाम सुटून येत असेल तर शुगर कमी होतेय का ते बघतील.

आता मला सांगा, आई एकादशी, संकष्टी धरते का? आपल्याकडं बऱ्याच बायका धरतात आणि डॉक्टर ओरडतील म्हणून सांगत नाहीत. पण ग्लिमेपिराइडसारखी शुगरची गोळी घेऊन दिवसभर उपाशी राहिलं तर शुगर खूप खाली जाऊ शकते. उपवास आहे म्हणून सांगा, त्या दिवशी गोळी कशी घ्यायची ते डॉक्टरच ठरवतील, आपल्या मनानं बंद करू नका.

गुडघ्याच्या गोळीचंही तसंच. माझ्या सासूबाईंच्या बटव्यात मेडिकलमधनं सुटी आणलेली पट्टी सापडली, नाव होतं ती बाजू कापून गेलेली, आणि त्या रोज एक घेत होत्या! दुखण्याच्या गोळ्या रोज घेतल्या तर बीपी चढू शकतं, किडनीवर ताण येतो. म्हणून काढ्यासकट घरात असेल ते सगळं पिशवीत घालून न्या आणि टेबलावर ठेवा.

मराठीत सांगता का सर, असं विचारायला लाजू नका, बेळगावात बऱ्याच डॉक्टरांना येतं. नसेल येत तर कन्नडमधनं ‘सावकाश हेळ्री सर’ म्हणा, म्हणजे सावकाश सांगा सर. चक्करला तले सुत्तु म्हणतात, दुखण्याला नोवु. उठायच्या आधी ‘ही सकाळी जेवणाआधी, ही रात्री, बरोबर ना?’ असं तुम्हीच म्हणून दाखवा.

आणि घाम सुटून चक्कर आली तर महिन्याची वाट बघू नका. तिथल्या तिथं ग्लुकोमीटरवर शुगर बघा, 70 च्या खाली असेल आणि आई शुद्धीवर असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यातनं द्या, 15 मिनिटांनी परत बघा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.