‘शास्त्रज्ञांचा दावा’: हा शब्द कुठे शोभतो, कुठे नाही

प्रश्न असा आला आहे: ‘बातम्यांत शास्त्रज्ञांचा दावा, संशोधकांचा दावा असं सर्रास छापलेलं असतं. दावा तर कोर्टात लावतात. मग संशोधनाला हा शब्द चालतो का? त्याऐवजी सिद्ध केले असं म्हणावं का?’

दावा हा शब्द चुकीचा नाही, पण बहुतेक वेळा तो चुकीच्या जागी बसवलेला असतो. आणि ‘सिद्ध केले’ हा त्यावरचा उपाय नव्हे. तो तर थेट दुसऱ्या टोकाला जातो.

दावा मूळचा अरबी. फारसीच्या वाटेनं तो मराठीत आला आणि न्यायनिवाड्यात स्थिरावला. दावा लावणे, दावा ठोकणे, दिवाणी दावा, अब्रुनुकसानीचा दावा, जमिनीवर दावा सांगणे. कचेरीतून तो घरादारात शिरला, तेव्हा त्याला वैर हाही अर्थ चिकटला. ‘दोघा भावांत उभा दावा आहे’, ‘त्यानं जुना दावा साधला’ ही वाक्यं आजही कानावर येतात. दावेदार म्हणजे पूर्वी वैरीसुद्धा. आता तो मुख्यतः पदावर हक्क सांगणारा. (गुरं बांधायचं दावं निराळं. ‘दाव्याला’ हे रूप दोन्हींचं सारखंच होतं म्हणून गल्लत होते, पण त्या दोरीचा आणि या खटल्याचा काही संबंध नाही.)

या सगळ्या अर्थांत एक गोष्ट कायम आहे. समोर दुसरा पक्ष उभा आहे. वादी आहे म्हणून प्रतिवादी आहे. निकाल अजून लागायचा आहे, आणि दावा सांगणाऱ्याला त्यातून स्वतःसाठी काहीतरी मिळवायचं आहे. मराठी वाचक ‘दावा’ हा शब्द वाचतो तेव्हा एवढं सगळं सामान त्याच्या मनात आपोआप येतं. ते कोशात बघावं लागत नाही.

मग हा शब्द संशोधनाच्या बातमीत आला कसा? मी काही वर्षं बातम्यांचं भाषांतर आणि संपादन केलं आहे, म्हणून ही वाट मला जवळून माहीत आहे. राजकीय बातमीत दावा अगदी योग्य शब्द आहे. एक नेता म्हणतो आम्हालाच बहुमत मिळणार, दुसरा म्हणतो आम्हाला. दोघांचंही खरं नसतं किंवा अजून ठरायचं असतं. बातमीदार मध्ये उभा राहून लिहितो, ‘असा दावा त्यांनी केला’. म्हणजे हे त्यांचं म्हणणं, आम्ही त्याची हमी घेत नाही. बोलताना आपण ‘म्हणे’ घालतो ना, ‘तो म्हणे येणार आहे’, तेच काम छापील मराठीत दावा करतो. पुढे त्याच टेबलावर, त्याच माणसाकडे, त्याच घाईत विद्यापीठाचं पत्रक येतं. हात सवयीनं तोच शब्द लिहून जातो. शिवाय तो दोनच अक्षरांचा आहे, मथळ्यात कुठेही मावतो.

मीही हे केलं आहे. एका पत्रकात मूळ वाक्य असं होतं: आमच्या नमुन्यात या दोन गोष्टींचा संबंध दिसतो, मात्र एकीमुळे दुसरी घडते असं आम्ही म्हणू शकत नाही. त्याचा मथळा करताना मी दुसरा अर्धा भाग गाळला आणि उरलेल्याला ‘संशोधकांचा दावा’ असं शेपूट लावलं. ज्यांनी दावा करायचं आवर्जून टाळलं होतं, त्यांच्याच तोंडी मी दावा घातला. दुसऱ्या दिवशी छापील अंक हातात घेऊन वाचताना ते लक्षात आलं, तेव्हापासून हा शब्द लिहिताना मी थांबतो.

इथे आपल्या न्यायदर्शनातली, म्हणजे तर्काचा विचार करणाऱ्या प्राचीन दर्शनातली, एक मांडणी फार उपयोगी पडते. दुसऱ्याला पटवून देताना अनुमानाचे पाच अवयव सांगितले आहेत: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. ठरलेलं उदाहरण डोंगरावरच्या धुराचं. ‘डोंगरावर अग्नी आहे’ ही प्रतिज्ञा. ‘कारण तिथे धूर आहे’ हा हेतू. ‘जिथे धूर तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघरात’ हे उदाहरण. ‘या डोंगरावर तसाच धूर आहे’ हा उपनय. आणि शेवटी, ‘म्हणून डोंगरावर अग्नी आहे’ हे निगमन.

पहिलं वाक्य आणि पाचवं वाक्य ताडून पाहा. आशय एकच आहे. ‘म्हणून’ सोडलं तर शब्दही तेच. तरीही एक प्रतिज्ञा आहे आणि दुसरं निगमन, कारण मध्ये तीन पायऱ्या चढून झालेल्या आहेत. (शपथ या अर्थाची प्रतिज्ञा आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की हा तर्कशास्त्रातला अर्थ मागेच राहिला.) दावा हा प्रतिज्ञेच्या जागेचा शब्द आहे, निष्कर्ष हा निगमनाच्या जागेचा. पाचव्या पायरीवर पोचलेल्या वाक्याला आपण दावा म्हणतो तेव्हा मधल्या तीन पायऱ्या वाचकाच्या नजरेआड होतात. मग त्याला वाटतं, यांनी एक म्हटलं, उद्या दुसरे दुसरं म्हणतील.

दोन खऱ्या घटना शेजारी ठेवल्या की फरक नीट दिसतो. २३ मार्च १९८९ रोजी अमेरिकेतल्या युटा विद्यापीठानं पत्रकार परिषद बोलावली. स्टॅनली पॉन्स आणि मार्टिन फ्लाइशमन या दोघा रसायनशास्त्रज्ञांनी जाहीर केलं की साध्या तापमानाला, काचेच्या भांड्यात, अणुकेंद्रकांचं संमीलन, म्हणजे एरवी सूर्याच्या पोटात प्रचंड उष्णतेत घडणारी क्रिया, घडवून आम्ही ऊर्जा मिळवली आहे. शोधनिबंध तोवर प्रसिद्धही झाला नव्हता. इतर प्रयोगशाळांना ताडून पाहायला पुरेसा तपशील हाती नव्हता. पण बातमी जगभर गेली आणि राज्याच्या विधिमंडळानं त्या कामासाठी ५० लाख डॉलर मंजूर केले. पुढच्या काही महिन्यांत एकामागून एक प्रयोगशाळांनी तसं करून पाहिलं आणि भरवशाचं काही हाती लागलं नाही. इथे दावा हा शब्द चपखल बसतो. प्रतिज्ञा होती, पुढच्या पायऱ्या नव्हत्या, आणि विद्यापीठाला त्यातून श्रेय आणि पैसा दोन्ही हवं होतं. या बातमीला ‘संशोधनात आढळले’ म्हणणं ही चूक ठरली असती.

आता सप्टेंबर २०११. स्वित्झर्लंडमधल्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेतून निघालेले न्यूट्रिनो, म्हणजे अतिसूक्ष्म कण, इटलीतल्या ग्रान सासोच्या प्रयोगशाळेत, सुमारे ७३० किलोमीटरवर, प्रकाशाला लागेल त्याहून सुमारे ६० नॅनोसेकंद आधी पोचल्याची नोंद ‘ऑपेरा’ या गटाला मिळाली. त्यांनी महिनोन्महिने चूक शोधली, सापडली नाही. मग मोजमाप जसंच्या तसं लोकांपुढे ठेवलं आणि इतरांनी ते तपासावं अशी विनंती केली. या आकड्याचा अर्थ लावायचा प्रयत्न आम्ही मुद्दाम करत नाही, असंही निबंधात लिहिलं. प्रकाशापेक्षा वेगानं काही जाऊ शकत नाही असं आईन्स्टाईनचा सिद्धांत सांगतो, म्हणून जगभरच्या मथळ्यांत मात्र आईन्स्टाईन खोटा ठरायची वेळ आली. पुढे २०१२ मध्ये घड्याळाकडे जाणारी प्रकाशतंतूची एक जोडणी सैल असल्याचं निघालं आणि तो फरक विरून गेला. या गटानं दावा केला होता का? नाही. त्यांनी नोंद दिली होती आणि मदत मागितली होती. ‘न्यूट्रिनोंच्या वेगात विसंगती, कारणाचा शोध सुरू’ असं लिहिता आलं असतं. ‘प्रकाशापेक्षा वेगवान कणांचा दावा’ असं छापलं, की जोडणी सैल निघाल्यावर तेच लोक खोटं बोलल्यासारखे दिसतात.

राजकारण याला खेटूनच येतं, कारण सार्वजनिक निर्णयांत शब्दाची धार मोजून ठेवावी लागते. हवामानबदलाचा आढावा घेणाऱ्या आयपीसीसीचं उदाहरण मला मोठं वाटतं. त्यांच्या अहवालाचा धोरणकर्त्यांसाठीचा सारांश सरकारांचे प्रतिनिधी ओळ न् ओळ वाचून संमत करतात. एकेका विशेषणावर चर्चा होते. १९९५ चा अहवाल म्हणाला की एकूण पुरावा पाहता हवामानावर माणसाचा ‘ओळखू येण्याजोगा’ प्रभाव सूचित होतो. त्या एका विशेषणावर माद्रिदच्या बैठकीत बराच खल झाला होता. २००१ मध्ये गेल्या ५० वर्षांतली बहुतेक तापमानवाढ माणसामुळे असणं ‘संभवनीय’ ठरलं. त्यांच्या परिभाषेत याचा अर्थ ६६ टक्क्यांहून अधिक शक्यता. २००७ मध्ये ती ९० टक्क्यांच्या वर गेली, २०१३ मध्ये ९५ च्या वर. आणि २०२१ मध्ये शब्द आला ‘निःसंदिग्ध’.

पंचवीस वर्षांहून अधिक काळ एक एक पायरी चढत आलेली ही भाषा आहे. प्रत्येक पायरीमागे मोजमापं आहेत. तिचं मराठी जर १९९५ लाही ‘तापमानवाढ माणसामुळेच, शास्त्रज्ञांचा दावा’ असं झालं आणि २०२१ लाही तेच राहिलं, तर मधल्या काळात काय घडलं हे मराठी वाचकाला कळायला मार्गच उरत नाही. त्याच पानावर खालच्या कोपऱ्यात एखादा पुढारी ‘हवामानबदल वगैरे काही नाही असा दावा’ करतो, आणि एकाच शब्दानं दोघांना एकाच तराजूत बसवलेलं असतं. ही बातमीदाराची निःपक्षपाती भूमिका आहे असं मी मानत नाही. पक्ष दोन असतील तर निःपक्ष राहायचं. एका बाजूला मोजमाप आणि दुसऱ्या बाजूला इच्छा असेल, तर तो फरक सांगणं हेच बातमीचं काम आहे.

या सपाटीकरणाचा फायदा कुणाला होतो, तेही ज्ञात आहे. ब्राउन अँड विल्यमसन या सिगारेट कंपनीच्या १९६९ च्या एका अंतर्गत टिपणात वाक्य आहे की शंका हाच आमचा माल. धूम्रपान निर्धोक आहे हे पटवून द्यायची त्यांना गरजच नव्हती. दावा आणि प्रतिदावा चालू आहे एवढं वातावरण राहिलं तरी पुरेसं होतं.

मग लिहायचं काय? ‘सिद्ध केले’ मी शक्यतो गणितासाठी राखून ठेवतो. तिथे सिद्धता असते, आणि ती एकदा बरोबर ठरली की बदलत नाही. प्रयोगावर आणि निरीक्षणावर चालणाऱ्या विज्ञानात एका निबंधानं सहसा काही सिद्ध होत नाही. तिथे ‘आढळले’, ‘दिसून आले’ ही साधी क्रियापदं पुरतात. मराठीची खुबी अशी की ती कर्त्याला मागे ठेवतात आणि पाहिलेली गोष्ट पुढे आणतात. आधीच्या निष्कर्षाला दुसऱ्या गटाकडून आधार मिळाला तर ‘दुजोरा मिळाला’. (‘पुष्टी केली’ हिंदीच्या वळणाचं आहे, दुजोरा आपला आहे आणि त्यात ‘दुसरा’ दडलेला आहे, तोच इथे महत्त्वाचा.) आकडेमोडीतून पुढचं सांगितलं असेल तर ‘अंदाज’. पुरावा अपुरा असून विचार मांडला असेल तर ‘मत’ किंवा ‘तर्क’. ‘उघडकीस आले’ मात्र टाळावं. तो चोरी आणि घोटाळ्याचा शब्द आहे, निसर्गानं काही लपवून ठेवलेलं नसतं. आणि कुणी तपासणीआधीच गाजावाजा करत असेल, किंवा आपलं उत्पादन खपवायला संशोधनाचं नाव घेत असेल, तर तिथे दावा जरूर लिहावा. तो शब्द अशाच वेळी धारदार राहायला हवा.

‘शास्त्रज्ञांचा’ या षष्ठीचंही बघायला हवं. कुठल्या शास्त्रज्ञांचा? एका गटाचा, की त्या विषयातल्या बहुतेकांचा? उंदरांवर पाहिलं की माणसांवर? मथळ्यात ‘उंदरांत’ हा एक शब्द घातला तरी निम्मा गैरसमज टळतो.

राहिला जागेचा प्रश्न, कारण टेबलावरचे मित्र लगेच म्हणतील की मथळ्यात मावत नाही. एक करून दाखवतो. ऑक्टोबर २०१५ मध्ये कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं, म्हणजे आयएआरसीनं, १० देशांतल्या २२ तज्ज्ञांकडून पुरावा तपासून घेतला आणि प्रक्रिया केलेलं मांस पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवतात असा पुरेसा पुरावा असलेल्या गोष्टींच्या गटात, घातलं. तंबाखूही त्याच गटात आहे. पण हे गट पुरावा किती भक्कम आहे त्यावरून पडतात, धोका किती मोठा आहे त्यावरून नाही. रोज ५० ग्रॅम खाण्यामागे आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असा त्यांचा हिशेब होता. यावर ‘प्रक्रियायुक्त मांस तंबाखूइतकेच घातक, शास्त्रज्ञांचा दावा’ असा मथळा केला, तर जे कुणी म्हटलंच नाही ते छापलं जातं. त्याऐवजी ‘प्रक्रियायुक्त मांसाने कर्करोगाचा धोका वाढतो; भक्कम पुरावा’. मोजून पाहा, लांबी जवळपास तेवढीच आहे.