त्या खुर्चीवर आधी कोण बसायचं?

"मॅडम, कामाचं काही नाही हो, काम जमतंय, पण तिथली माणसं बोलतच नाहीत." मी सोलापुरात समुपदेशक आहे आणि हे वाक्य मी या उन्हाळ्यात चार वेळा ऐकलं, चार वेगवेगळ्या लोकांकडून. एक बँकेतला मुलगा, एक शाळेत नव्याने लागलेली शिक्षिका, एक हॉस्पिटलमधला फार्मासिस्ट आणि चौथी ही, जिच्याबद्दल आज लिहितेय. आपण तिला मीरा म्हणू. खरं नाव वेगळं आहे, ओळख पटेल अशा गोष्टी बदलल्यात आणि लिहायच्या आधी तिला विचारलंय.

मीरा 27 वर्षांची, बीकॉम, आधी नवी पेठेत एका सीएंकडे चार वर्षं काम केलेलं. तिथं तीन जणी, दिवसभर गप्पा आणि काम दोन्ही चालायचं. मग अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्सला लागली, पगार जवळजवळ दीडपट. सगळे खुश. आणि सहाव्या आठवड्यात ती माझ्यासमोर बसून रडत होती.

काय होत होतं तर, सकाळी गुड मॉर्निंग म्हटलं की कुणी मान वर करायचं नाही. चार जणी एकत्र जेवायच्या, हिला कुणी ये म्हटलं नाही. ऑफिसचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता, त्यात हिला घेतलं नव्हतं. काही विचारलं तर "फाईलीत बघ की" एवढंच. आणि आपापसात तेलुगूत बोलायच्या, हिला एक शब्द कळायचा नाही. "मॅडम, मी आत गेले की हसणं थांबतं. माझ्याबद्दलच बोलायलेत हे काय कळत नाही का मला?"

आई म्हणत होती जुळवून घे, नवरा म्हणत होता सोडून दे. दोघांचंही प्रेम खरं, पण दोघांच्याही सल्ल्यात एक गोष्ट राहून गेली होती, की तिथं नेमकं चाललंय काय हे कुणी विचारलंच नव्हतं.

मी विचारलं, दिवसभरात पाणी किती पिता? ती जरा गोंधळली. मी हे विचारायचं कारण असं की तिला रोज दुपारनंतर डोकं दुखायचं आणि गोळी घ्यावी लागायची. तर कळलं की पाण्याचा कूलर त्या चौघींच्या टेबलाला लागून आहे. तिथून जायला नको म्हणून ती घरून आणलेल्या एका बाटलीवर अख्खा दिवस काढायची. एप्रिल महिना, सोलापूर, बाहेर 42 डिग्री, वर पत्र्याचं छत, आणि ही पोरगी दहा पावलांवरचं पाणी पीत नव्हती, कारण मध्ये चार माणसं बसलेली होती. मला ते ऐकून पोटात कालवलं. लोक म्हणतात ना, ऑफिसचं टेन्शन काय घेतेस, मनावर घेऊ नकोस. अहो, मनावरच कुठं राहतं ते, ते घशापर्यंत येतं.

मी समुपदेशनाच्या ज्या पद्धतीने काम करते ती अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडली, मराठीत आपण तिला विवेकनिष्ठ उपचारपद्धती म्हणतो. तिचा गाभा मी माझ्या शब्दांत सांगते: आपल्याला घटना जेवढी छळते त्यापेक्षा त्या घटनेवर आपण लावलेला 'च' जास्त छळतो. त्यांनी माझ्याशी नीट बोलावं, ही इच्छा आहे आणि ती अगदी रास्त आहे. त्यांनी माझ्याशी नीट बोललंच पाहिजे, ही मागणी आहे. इच्छा पुरी झाली नाही तर वाईट वाटतं, मागणी पुरी झाली नाही तर माणूस कोसळतो. मराठीत हे एका अक्षरात दिसतं, ही आपल्या भाषेची कमाल आहे, मला दरवेळी त्याचं अप्रूप वाटतं.

मीराला हे पटलं, वहीत लिहूनही घेतलं. पुढच्या वेळी आली आणि म्हणाली, "मॅडम पटतंय सगळं, पण दारातून आत पाय टाकला की गोळा येतोच." असं बऱ्याच जणांचं होतं. डोक्याला कळलेलं पायापर्यंत पोचायला वेळ लागतो. मग मी एक दुसराच प्रश्न विचारला, आणि चौदा वर्षांच्या कामातून मला जे थोडंफार उमगलंय त्यात हा प्रश्न मी फार वर ठेवते.

"तुमच्या खुर्चीवर आधी कोण बसायचं?"

तिला माहीत नव्हतं. सात आठवडे त्या खुर्चीवर बसत होती आणि माहीत नव्हतं. मी म्हटलं बरं, टेबल कसं आहे ते तरी सांगा. ती सांगायला लागली, लोखंडी टेबल आहे, वर काच आहे, काचेखाली सिद्धेश्वराचा फोटो आहे, यात्रेतल्या नंदीध्वजांचा पण एक आहे, जुनी व्हिजिटिंग कार्डं आहेत आणि तेलुगूत लिहिलेला एक पिवळा पडलेला कागद. "ते सगळं काढून टाकणार होते मी, आपलं काहीतरी लावावं म्हणून." मग बोलता बोलता थांबली. "ते कुणाचं आहे मॅडम?"

मी म्हटलं ते मला कसं माहीत असणार, विचारून या.

तिने चौघींना नाही विचारलं, तेवढं धाडस नव्हतं, चहा देणाऱ्या मामांना विचारलं. आणि मामांनी पाच मिनिटांत सगळा इतिहास सांगितला. त्या खुर्चीवर एक काकू 19 वर्षं होत्या. हिशोब कॉम्प्युटरवर गेला, त्यांना टॅली जमेना, मालकांनी त्यांना थांबायला सांगितलं. त्यानंतर दीड वर्षात तीन जणं आली, प्रत्येकाला या चौघींनी काम शिकवलं आणि प्रत्येक जण चार-सहा महिन्यांत जास्त पगारावर निघून गेला. शेवटचा तर फेब्रुवारीत गेला, न सांगता, ऐन मार्चच्या तोंडावर. आणि मीरा कधी लागली? पाच मार्चला. अकाउंट्समध्ये काम केलेल्या माणसाला सांगायला नको मार्च म्हणजे काय असतं. 31 तारीख डोक्यावर, पार्ट्यांची, म्हणजे व्यापाऱ्यांची, बाकी जुळत नाही, एक माणूस कमी, अशा वेळी नवीन माणूस म्हणजे मदत नसते, आणखी एक काम असतं.

हे मला सांगताना मीराचा आवाजच वेगळा होता. ती म्हणाली, "म्हणजे मॅडम, त्या माझ्यावर रागावल्या नव्हत्याच. त्या त्या खुर्चीवर रागावल्या होत्या."

मी काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने गप्प बसायचं असतं, ते वाक्य ज्याचं आहे त्याला ते नीट ऐकू द्यायचं असतं. त्यानंतर ती दोनदा स्वतःशीच तेच म्हणाली. मला वाटतं तिथं तिचा तो 'च' सुटला.

सगळ्या नवीन नोकरीवाल्यांना मला हेच सांगायचंय, तुम्हाला जो थंडपणा जाणवतो तो बहुतेक वेळा तुमच्यापेक्षा जुना असतो. तुम्ही यायच्या आधीपासून तो त्या खोलीत असतो. त्याचं वय विचारा. आधीचा माणूस का गेला, बढती कुणाला मिळायला हवी होती आणि मिळाली नाही, साहेब कधी बदलले. आणि भाषेचं म्हणाल तर आपल्या सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू एका रिक्षात बसून जातात. तेलंगणातून विणकर आले, साचे म्हणजे माग घातले, त्यांच्या घरात आजही तेलुगू आहे. माणूस दमला की आईच्या भाषेत बोलतो, त्यात तुमचा विषय असेलच असं नाही.

पण हे कळलं म्हणजे सगळं झालं असं नाही, पायाला सवय लावावी लागते. एलिस यांचीच गोष्ट मी तिला सांगितली. ते 19 वर्षांचे असताना मुलींशी बोलायला प्रचंड घाबरायचे, मग त्यांनी ठरवून न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या बागेत महिनाभर अनोळखी मुलींशी बोलायचा नेम केला. त्यांच्याच सांगण्यानुसार शंभर जणींशी बोलले, एकच भेटायला तयार झाली आणि ती पण आली नाही. पण भीती गेली. कारण शंभर नकारांनंतर ते धडधाकट उभे होते.

मीराचा नेम आम्ही साधा ठेवला. रोज एकदा कूलरवर जाऊन बाटली भरायची, आणि चौघींपैकी कुणालाही कामाचा एकच नेमका प्रश्न विचारायचा. "मला समजत नाही" असा मोघम नाही, "या पार्टीचं क्रेडिट नोट कोणत्या महिन्यात टाकलंय?" असा. उत्तर आलं का नाही याला मार्क नाहीत, विचारला का याला मार्क. चार आठवड्यांनी वही आणली. 24 प्रश्न. 15 ला सरळ उत्तर, 6 वेळा नंतर बघू, 3 वेळा काहीच नाही. "मी तर समजत होते की कुणी कधीच उत्तर देत नाही," म्हणाली. मला त्या वहीचं खरंच कौतुक वाटलं आणि मी ते तिला बोलून दाखवलं.

आता एक गोष्ट जरा कडक सांगते, कारण सगळंच समजून घ्या असा याचा अर्थ कुणी काढू नये. न बोलणं वेगळं आणि काम अडवणं वेगळं. मीराला दोन पार्ट्यांची लेजर, म्हणजे खात्यांचे उतारे, मुद्दाम दिली जात नव्हती, तिथं मी तिला समजून घे म्हटलं नाही. साहेबांना लेखी मेसेज करायला सांगितलं, कुणाचं नाव न घेता, फक्त एवढंच की ही लेजर मिळाली नाहीत, त्यामुळे जुळवणी उद्यावर जाईल. दुसऱ्या दिवशी लेजर मिळाली. आणि अपमान, शिवीगाळ, धमकी हा तर तिसराच प्रकार, तिथं तारीख-वेळ लिहून ठेवा आणि वर जा. बायकांच्या बाबतीत लैंगिक छळ असेल तर 2013 चा कायदा आहे, दहा किंवा जास्त माणसं असतील तिथं अंतर्गत समिती असावीच लागते, नसेल किंवा माणसं कमी असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते, तक्रार शक्यतो तीन महिन्यांच्या आत करायची. आणि जेवण-झोप दोन आठवडे बिघडलेलीच असेल तर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा, नाहीतर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला 14416 वर फोन करा, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

नोकरी सोडायची का हा प्रश्न मी सहसा पहिल्या तीन महिन्यांत घेत नाही, छळ असेल तर गोष्ट वेगळी. घाबरून सोडलेली नोकरी पुढच्या ऑफिसच्या दारात पुन्हा उभी राहते.

मीराने काचेखालचा तो पिवळा कागद काढला नाही. जूनमध्ये एकदा तिने त्या चौघींतल्या सगळ्यात मोठ्या बाईंना विचारलं, मावशी हे काय लिहिलंय? त्या आल्या, चष्मा लावला, वाचलं. सूतवाल्यांचे जुने फोन नंबर होते, बरेचसे बंद पडलेले. त्यांनी एकेक नाव वाचून दाखवलं, हा वारला, यानं धंदा बंद केला, हा अजून आहे. मग म्हणाल्या, राहू दे तो कागद. आणि जागेवर जाऊन बसल्या. एवढंच.

ग्रुपमध्ये तिला अजून घेतलेलं नाही. डबा ती कधी त्यांच्यासोबत खाते, कधी एकटी. डोकेदुखीची गोळी बंद झाली. परवा आली तेव्हा स्टीलची मोठी बाटली टेबलावर ठेवली, दोन घोट प्यायली आणि म्हणाली, "मॅडम, आता महिन्यातून एकदा आले तर चालेल ना?"

चालेल म्हटलं.