रॉकेट दांडी सोडताच उलटतंय? तळाशी वजन वाढवू नका

तुम्ही लिहिलंय की तुमचं मॉडेल रॉकेट दांडी (उडताना सुरुवातीला त्याला सरळ धरणारी काठी) सोडताच कोलांटी घेतं, म्हणून तळाशी शिसं लावलं आणि आता मोठी मोटर (इंधन भरलेली नळी) घेणार आहात. कृपया थांबा. मोठी मोटर बहुधा तळ आणखी जड करेल. (मी अभियंता नाही, छंद म्हणून उडवतो. दुकानात मिळणारी तयार मोटर वापरताय असं गृहीत धरतो; घरी मोटरमध्ये स्फोटक दारू भरत असाल तर आधी ते बंद करा.)

मुलांसोबत केलेला आमचा रॉकेटचा आराखडा एका प्रदर्शनाच्या तांत्रिक समितीने ‘वजन खाली घ्या’ एवढा शेरा मारून परत पाठवला होता. गणित जोडून पत्रं लिहिली, एकालाही उत्तर नाही. मुदत टळली. मुलांची मेहनत वाया गेली, आणि ‘खाली जड म्हणजे स्थिर’ हेच ती शिकली, याचा राग अजून जात नाही.

टेबलावर ठेवलेल्या वस्तूला ते लागू पडतं. उडणाऱ्या रॉकेटला नाही, कारण ते लंबकासारखं कशालाच टांगलेलं नसतं. गुरुत्वाकर्षण गुरुत्वमध्यातूनच (रॉकेट जिथे तोलतं त्या बिंदूतूनच) ओढतं, त्यातून रॉकेट सरळ करणारा पीळ मिळत नाही. अमेरिकी शास्त्रज्ञ रॉबर्ट गॉडर्ड यांच्या 16 मार्च 1926 च्या पहिल्या द्रव-इंधन रॉकेटात इंजिन वर आणि टाक्या खाली होत्या. ते अडीच सेकंद उडून 56 मीटर दूर पडलं. पुढे त्यांनीही इंजिन तळाशीच आणलं.

सरळ ठेवते ती हवा. रॉकेट तिरकं झालं की हवेचा आडवा रेटा दाबकेंद्रावर, म्हणजे तो सगळा रेटा जिथे एकवटतो त्या बिंदूवर, बसतो. ते गुरुत्वमध्याच्या मागे असेल तर शेपूट पुन्हा रांगेत ढकललं जातं. पुढे असेल तर तुमची कोलांटी. या दोन बिंदूंमधलं अंतर निदान रॉकेटच्या नळीच्या एका व्यासाएवढं ठेवा. म्हणजे शिसं काढून नाकात घाला, नाहीतर पंख मोठे करा. माझं मत विचाराल तर आधी नाक.

तपासायला न पेटवलेली मोटर बसवा, रॉकेट ज्या जागी तोलतं तिथे दोरी बांधून पक्की चिकटवा आणि डोक्याभोवती गोल फिरवा. नाक पुढे राहिलं तरच उडवा. शेपूट पुढे आलं तर कितीही मोठी मोटर घ्या, ते उलटणारच.

दांडी आखूड असेल तर तीही बदला. पंखांना पकड यायला दांडी सुटताना वेग सेकंदाला 13-15 मीटर तरी लागतो. आणि नाकात शिसं ओतत सुटू नका. अंतर दोन व्यासांच्या फार पुढे गेलं की रॉकेट वाऱ्याच्या दिशेने तोंड वळवतं आणि उंची जाते.