ब्राऊन बेल्ट आणि भीड

"मॅडम, सातवीपासून कराटेची फी भरतोय. ब्राऊन बेल्ट आहे पोरीचा. आणि वेळ आली तेव्हा नुसती उभी राहिली!" समुपदेशनासाठी आलेल्या बाबांनी खुर्चीत टेकायच्या आधीच तक्रार मांडली. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

मुलगी १९ वर्षांची, एसटीने कॉलेजला जाणारी. खच्चून भरलेल्या गाडीत मागच्या माणसाचा हात कमरेवर आला आणि दोन थांबे तिथेच राहिला. ही दांडा धरून थिजलेली. घरी सांगितलं, तर पहिला प्रश्न, "मग मारलं का नाहीस?" त्या दिवसापासून तिने क्लास बंद केला होता. आईची काळजी निराळी: "मारलं असतं आणि केस आपल्यावरच झाली असती तर?"

बाबांना म्हटलं, थिजणं म्हणजे भित्रेपणा नव्हे. धोका जाणवला की शरीर लढतं, पळतं किंवा जागच्या जागी गोठतं, आणि यातलं काय करायचं ते आपल्याला विचारून ठरत नाही. चूक हात लावणाऱ्याची. हे मी मुद्दाम तिच्यासमोर, जरा मोठ्याने म्हटलं. घरात ते कोणी म्हटलंच नव्हतं. आईच्या शंकेला कायद्यात उत्तर आहे. भारतीय न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४ स्वसंरक्षणाचा हक्क देतात. मुख्य अट ही, की बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करायची नाही.

मग आईबाबांना बाहेर बसवलं.

"कुमितेत, म्हणजे कराटेच्या लढतीत, काय होतं, सांग."

"समोरची वाकून नमस्कार करते, मीपण करते. पंच 'हाजिमे' म्हणतात, मग सुरू."

"बसमध्ये हाजिमे कोण म्हणणार होतं?"

ती पहिल्यांदा हसली.

मी खुर्ची तिच्याजवळ ओढली, अगदी नको इतकी. "समज, मी बसमधला माणूस आहे. मला बाजूला कर." तिच्या तोंडून आलं, "काका, जरा सरकता का?" क्लासात ठोशाबरोबर कियाईची आरोळी देताना हॉल दणाणून सोडणारी मुलगी! हाताला सहा वर्षं वळण मिळालं होतं, जिभेला घरातलंच वळण होतं: मोठ्यांना उलट बोलू नये, चारचौघांत तमाशा करू नये. तिचं घोडं भिडेपाशी अडलं होतं. 'काका' म्हटल्यावर ठोसा कसा मारणार?

कॅनडातल्या तीन विद्यापीठांत ८९३ विद्यार्थिनींवर झालेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या निम्म्या मुलींना १२ तासांचं प्रशिक्षण दिलं होतं: धोका ओळखणं, ओळखीच्या माणसासमोरही भीड सोडणं, ठाम बोलणं आणि मग हातपाय चालवणं. वर्षभरात बलात्काराचं प्रमाण त्यांच्यात ५.२ टक्के होतं, ज्यांना फक्त माहितीपत्रकं दिली त्यांच्यात ९.८ टक्के. आपल्याकडे मैदानावर तीनशे मुली उभ्या करून तासभर हवेत ठोसे मारायला लावतात आणि फोटो काढतात. त्याने काय साधतं, मला कळलेलं नाही. सहा वर्षांचा कराटे मात्र वाया जात नाही. तोल, अंतराचा अंदाज, मार बसला तरी उभं राहण्याची सवय हे अंगात मुरलेलं असतं. वापरायची परवानगी तेवढी द्यावी लागते, आणि ती घरातून यावी लागते.

म्हणून आईबाबांना आत बोलावलं. आधी आईने म्हणायचं ठरलं: "हात काढा." पहिल्यांदा ती "हात काढा ना" म्हणाली. 'ना' गाळायला चार वेळा लागल्या. पाचव्यांदा आवाज असा लागला, की आमची रिसेप्शनिस्ट दार ढकलून आत आली. बाबा कितीतरी वेळ जमिनीकडे बघत होते. मग लेकीला म्हणाले, "तू ओरड. पुढचं मी बघतो."

सरांशी बोलून तिने क्लास पुन्हा धरला. एरवीच्या सरावाला जोडून गर्दीत मागून पकडलं तर काय, याचाही सराव सुरू झाला.

दीड महिन्याने आली ती सांगतच. पुन्हा एसटी, पुन्हा गर्दी, एकाचं कोपर. "हात काढा." तो म्हणाला, "काय झालं?" ही पुन्हा तेच, त्याच आवाजात. कंडक्टर वळला, दोन बायका वळल्या, माणूस दाराकडे सरकला.

"लाथ मारावी लागली नाही," ती म्हणाली. "पण मॅडम, पाय आपोआप स्टान्समध्ये गेले होते."